केक अर्धा किलो, मैदान दोन तास

मुलाचा आवाज फुटायला लागला की त्याच्या वाढदिवसाचं सगळं गणित बदलतं आणि घरातल्या माणसांच्या ते सर्वांत उशिरा लक्षात येतं. मी पुण्यात वाढदिवसांची कामं घेते. कर्वेनगर, कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता हा माझा मुलूख. सुरुवात लहान मुलांपासून झाली. बोहरी आळीतून घाऊक भावाने फुगे, टोप्या, झिरमिळ्या आणायच्या, कमान बांधायची, संगीत खुर्ची घ्यायची, निघताना प्रत्येकाच्या हातात रिटर्न गिफ्टची पिशवी द्यायची. मग तीच मुलं मोठी झाली. ज्यांच्या पाचव्या वाढदिवसाला मी हॉलमध्ये डायनासोर उभे केले होते, त्यांच्या आयांचे तेराव्या वाढदिवसासाठी फोन यायला लागले. आता माझं बहुतेक काम बारा ते सतरा वयाच्या मुलग्यांचंच असतं आणि या कामावर माझा फार जीव आहे.

त्याचं कारण सांगते. आपल्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कौतुकाला निमित्तं पुष्कळ. बारसं, उष्टावण, जावळ, संक्रांतीचं बोरन्हाण, काही घरांत आठव्या वर्षाच्या आसपास मुंज. त्यानंतर एकदम साखरपुडा. मधल्या सगळ्या वर्षांत मुलाला मधोमध बसवून चार माणसांनी त्याच्याकडे प्रेमाने बघावं, असं काहीच नाही. नेमक्या याच काळात त्याची उंची वाढते, मिसरूड फुटतं, चेहऱ्यावर पुळ्या येतात, दहावी येते आणि घरातलं त्याच्याशी होणारं बोलणं अभ्यास, मोबाइल आणि वाढलेले केस एवढ्यावर येऊन ठेपतं. उरतो तो वाढदिवस. तोही पूर्वी सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. मला भेटणाऱ्या कितीतरी आजोबांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. अशाच एका आजोबांनी नातवाच्या पार्टीचा सगळा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून केला. म्हणाले, "मला माझा दिवस माहीत नाही. त्याला माहीत आहे ना, मग तो नीट होऊ द्या."

पहिली बैठक मी मुलाच्या घरीच ठेवते. सोफ्यावर आई, शेजारी मुलगा, वडील बहुतेक वेळा फोनवर. आई म्हणते, "सांग ना काकूंना, तुला काय हवंय ते." तो म्हणतो, "काही पण." आईचा संताप होतो. या 'काही पण'शी माझी आता चांगली ओळख आहे. काय हवं ते सांगायचं तर त्याला स्वतःची हौस उघडी करावी लागते आणि चौदाव्या वर्षी ते सर्वांत अवघड असतं. म्हणून आई चहा टाकायला आत गेली की मी विचारते, "बरं, काय नको ते सांग." मग मात्र भराभर उत्तरं येतात. डेकोरेशन नको. माइक घेऊन बोलणारी ताई नको. बिल्डिंगमधली छोटी मुलं नकोत. नाचायला लावू नका. आणि सगळ्यांसमोर माझ्या लहानपणीचं काही सांगू नका. ही यादी मी वहीत लिहून घेते. नकोची यादी पुरी झाली की उरलेल्या जागेत त्याला काय हवंय ते बरोबर दिसतं.

एका घरी आईने मुलाच्या जन्मापासूनचे फोटो असलेला मोठा फ्लेक्स करून घेतला होता. टबात आंघोळ करतानाचा, फ्रॉक घातलेला, पहिल्या दिवशी शाळेत रडतानाचा. मी तो दारासमोरच्या भिंतीला लावत होते. मुलगा मागे येऊन उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "काकू, हा आतल्या खोलीत लावाल का? आईला सांगू नका मी सांगितलं म्हणून." त्याला फ्लेक्सची लाज वाटत होती आणि आईचं मन मोडायचंही नव्हतं. मी आईला सांगितलं, की बाहेर वाऱ्याने फाटेल, आतल्या भिंतीवर छान दिसेल. ती लगेच हो म्हणाली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग हे सगळं मी कोणासाठी करतेय?"

तिचा प्रश्न खरा होता आणि त्याच प्रश्नाने माझ्या कामाला वळण दिलं. वाढदिवस दोन असतात. एक घरच्यांचा, ज्यांना हा मुलगा वाढला याचा आनंद डोळे भरून बघायचा असतो. दुसरा त्याचा स्वतःचा, ज्यात कोणी आपल्याकडे टक लावून बघू नये एवढीच त्याची इच्छा असते. दोन्ही एका संध्याकाळी, एका हॉलमध्ये कोंबले की दोन्ही बिघडतात. तेव्हापासून मी दिवसाचे सरळ दोन भाग करते. सकाळ घराची. पाट, रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, डोक्यावर टोपी, आईचं आणि आजीचं औक्षण, मग शिरा किंवा खीर, फोटो हवे तेवढे. लांबच्या आत्या-मामांचे व्हिडिओ कॉल तेव्हाच. सकाळी मुलं तासभर आनंदाने बसतात, कारण मित्र बघत नसतात. संध्याकाळ मित्रांची. त्यात आई-वडील पहिली दहा मिनिटं येतात, एक फोटो काढतात आणि जेवणाच्या वेळी पुन्हा येतात. या अटीवर वडील कुरकुरतात, आया बहुधा समजून घेतात.

संध्याकाळसाठी आताशा सर्वाधिक मागणी टर्फची. जाळ्यांनी वेढलेलं हिरव्या कृत्रिम गवताचं छोटं मैदान, वर दिवे, तासावर भाडं. बॉक्स क्रिकेट नाहीतर फुटबॉल. संध्याकाळच्या वेळेला तासाचे हजाराच्या पुढे मोजावे लागतात, सकाळी लवकर तेच कमी. मैदान दोन तासांचं घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पहिला अर्धा तास सगळे जमेपर्यंत जातो आणि खरा रंग शेवटच्या तासात चढतो, तेव्हा बाहेर पुढचे लोक बॅट आपटत उभे असले की सगळ्याचा विचका होतो.

इथे एक जागा फार नाजूक आहे, ती म्हणजे टीम पाडणं. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकाच वर्गातली मुलं एका वयाची दिसत नाहीत. एकाला मिशी आलेली असते, दुसरा अजून पाचवीतला वाटतो. दोन कॅप्टन उभे करून एकेकाला निवडायला लावलं की शेवटी एक मुलगा उरतो आणि सगळ्यांच्या देखत उरतो. तो घरी गेल्यावर काही बोलत नाही, पण पुढच्या वाढदिवसाला 'पोट दुखतंय' म्हणून येत नाही. मी यासाठी आपली जुनी गल्लीतली पद्धत वापरते. साधारण सारखं खेळणाऱ्या दोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची आणि कॅप्टनसमोर येऊन विचारायचं, "आंबा की फणस?" कॅप्टन फळ निवडतो, मुलगा नाही. मुलं हसत हसत अशी नावं ठेवतात की मला कानावर हात ठेवावे लागतात, पण उरत कोणी नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात गुपित असं काही नाही. दोन तास खेळून आलेला मुलगा मोठ्या माणसाच्या दीडपट खातो. पावभाजी असेल तर डोक्यामागे सहा पाव धरावेत. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार आणि भरपूर लिंबू-सरबत मैदानावरच हवं, एप्रिल-मे असेल तर मीठ जरा जास्त घालून. केक मात्र मुलं फारसा खात नाहीत. वीस मुलांना अर्धा किलो पुरतो. आयांना हे पटत नाही, दोन मजली केक आणतात आणि तो केक तोंडाला फासण्यात जातो. मजल्यांचा केक उभा राहावा म्हणून त्यात आतून लाकडी किंवा प्लास्टिकच्या काड्या खोचलेल्या असतात. त्यावर कोणाचं तोंड दाबलं तर डोळ्याला काय होऊ शकतं ते मी प्रत्येक घरी सांगते, मुलांनाही दाखवते.

आणखी काही बाबतींत मी अडून बसते. फेस उडवणारे स्प्रे नाहीत. त्या डब्यांतला वायू पेट घेणारा असतो आणि समोर मेणबत्ती जळत असते. हायड्रोजनचे फुगे नाहीत, त्याच कारणासाठी. बर्थडे बम्प्स नाहीत. दहा-पंधरा जणांनी एकाला उचलून पाठीत लाथा घालायच्या, यात प्रेम किती आणि जुना राग किती, हे लाथ मारणाऱ्यालाही कळत नसतं. हे मी घोळक्यासमोर कधी सांगत नाही, कारण घोळक्यासमोर सांगितलं की ते हमखास होतं. वाढदिवसवाल्या मुलाचा सर्वांत जवळचा मित्र कोण ते आधी विचारून ठेवते आणि त्याला बाजूला घेऊन म्हणते, "हे तू सांभाळ." त्या मुलाची मान ताठ होते. मी अजून असा मित्र बघितला नाही ज्याने ते सांभाळलं नाही.

रात्री बाराचा केक रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर कापायचा, मोठ्याने गाणी लावायची, ही हौस मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. शहरभर 'भाऊं'च्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेले असतात आणि कोयत्याने, तलवारीने केक कापला म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या पुण्यात पुन्हा पुन्हा येतात. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात रुबाब दिसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. मी रात्री दहानंतरचं कामच घेत नाही.

गाड्यांचा विषय याहून गंभीर. पूर्वी टर्फबाहेर नववीतल्या मुलांच्या स्कूटरी ओळीने लागायच्या आणि पालकांना त्यात काही वावगं वाटत नसे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. घराघरांत असलेल्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी आधीही सांगायचे, लोक ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे. मग मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर काही महिने प्रत्येक आईने मला पहिल्याच फोनवर विचारलं, की मुलं येणार-जाणार कशी? आता निमंत्रणाच्या मेसेजमध्ये सोडायला कोण येणार आणि न्यायला कोण येणार, हे प्रत्येकाच्या घरून लिहून आल्याशिवाय मी जेवणाचा आकडा पक्का करत नाही.

सगळ्याच मुलांना वीस मित्र नसतात. वडिलांची बदली झाल्याने नांदेडहून आलेला एक मुलगा होता. नव्या शाळेत त्याला जेमतेम सहा महिने झालेले. आईची इच्छा होती, की सगळ्या वर्गाला बोलवावं म्हणजे त्याच्या ओळखी होतील. त्याने तीन नावं लिहून दिली. आई म्हणाली, "तीन जणांची कसली पार्टी?" मी तिला म्हटलं, की तीन नावं त्याने विचार करून लिहिली आहेत, ती वाढवू नका. तीन मुलांना हॉलमध्ये बसवलं तर तासाभरात ती मोबाइल काढतात. म्हणून आम्ही त्यांना सिंहगडावर नेलं, पहाटे आतकरवाडीच्या वाटेने. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट उंच; शहरातल्या मुलांना चढताना धाप लागते. मी आणि त्याचे वडील मागे राहिलो. वाटेत मला फक्त त्यांचे आवाज ऐकू येत होते. अर्ध्या वाटेपर्यंत कोण दमला, कोण घसरला. पुढे मग शाळेतल्या एका सरांविषयी, मग कोणालातरी येणाऱ्या भीतीविषयी, मग नांदेडच्या घराविषयी. वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. केक नेलाच नव्हता. वडील खाली उतरताना म्हणाले, "तो नांदेडचं इतकं बोलतो हे मला माहीतच नव्हतं."

मुलगे समोरासमोर बसून बोलत नाहीत. शेजारी शेजारी चालताना, कॅरम खेळताना, पावाला लोणी लावताना, सायकलची चेन बसवताना बोलतात. हात गुंतलेले आणि नजर दुसरीकडे असली, की त्यांची जीभ सुटते. पार्टी ठरवताना मी आता हाच एक प्रश्न मनात धरते, की यांच्या हातांना काय काम देणार आहोत? काही पालक मला विचारतात, मुलगा घरी काही बोलतच नाही, काय करू? मी काही समुपदेशक नाही. पण त्याच्याबरोबर भाजी आणायला जा, एवढं सांगते.

लॉकडाउनने या बाबतीत मला बरंच दाखवलं. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये सगळी कामं थांबली आणि आयांचे फोन येत राहिले, की ऑनलाइन काहीतरी करा. झूमच्या फुकट बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा होती. बिस्किटांचा केक समोर ठेवून चौकोनाचौकोनांत बसलेली मुलं दहाव्या मिनिटाला गप्प व्हायची. एका आईने मला रडवेल्या आवाजात सांगितलं, की पार्टी लवकर आटोपली आणि हा खोलीत जाऊन दार लावून गेम खेळत बसलाय. मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं, तर तो खुशीत होता. तेच सगळे मित्र हेडफोन लावून त्याच्याबरोबर खेळत होते, तीन तास, हसत, भांडत. त्याचा वाढदिवस दाराआड झाला होता. सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा हीच मंडळी दोन दिवस हळहळली आणि लुडोवर आली. खेळ कुठला याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

भेटवस्तूंचं दुखणं सगळीकडे आहे. एकाच वर्गात दोन हजारांचे बूट सहज देणारी मुलं असतात आणि शंभर रुपये मागायला घरी तोंड उघडू न शकणारीही असतात. 'कृपया भेटवस्तू आणू नये' असं लिहून काही होत नाही. ज्यांच्याकडे आहे ते आणतातच आणि ज्यांच्याकडे नाही ते रिकाम्या हाताने यायला लाजतात. मुलांनी स्वतःच काढलेला उपाय मला सर्वांत चांगला वाटतो. एकाने सगळ्यांकडून जमेल तेवढे पैसे जमवायचे, एकच वस्तू आणायची, आणि कोणी किती दिले ते जमवणाऱ्याने कोणालाही सांगायचं नाही. अशा एका मुलाच्या फोनमध्ये मी चुकून बघायला गेले, तर त्याने फोन पालथा ठेवला. "सॉरी काकू, सीक्रेट आहे." मला त्याचा फार अभिमान वाटला.

एक काम असं होतं, ज्याचे मी पैसे घेतले नाहीत. त्या मुलाचे वडील त्याच वर्षी गेले होते. घरात वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. आईचा फोन आला, "काही करायचं तर नाहीये. पण तो दिवस नुसता जाऊ नये असं वाटतं." फुगे, केक, गाणं यांचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्या मित्रांना गाठलं. ती पंधरा वर्षांची मुलं होती, पण त्यांना फार सांगावं लागलं नाही. नेहमीसारखे संध्याकाळी पाच वाजता त्याच्या इमारतीखाली आले, नेहमीसारखी हाक मारली, आणि सगळे शाळेमागच्या मैदानावर क्रिकेट खेळायला गेले. अंधार पडेपर्यंत खेळले. कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत. परतताना सगळ्यांनी गाडीवर वडापाव खाल्ले, आणि वाढदिवसवाल्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोघांची जुंपली. आई गॅलरीतून बघत होती. तिने मला वर बोलावून चहा दिला. बराच वेळ आम्ही दोघी त्या पैशांच्या भांडणाबद्दलच बोलत राहिलो.

अलीकडे मी पालकांना एक नवी पद्धत सुचवते. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाच्या हातात सगळं बजेट द्यायचं. आकडा आई-वडिलांनी ठरवावा, खर्च त्याने. मी फक्त दर सांगते आणि अडलं तर मदत करते. मोठी माणसं बिचकतात, की हा सगळे पैसे उडवून टाकेल. माझा अनुभव उलटा आहे. वर्षभर ज्याला दहा रुपयांची किंमत नाही असं घरात बोललं जातं, तो मुलगा टर्फवाल्याशी अर्धा तास घासाघीस करतो.

गेल्या महिन्यातल्या एका मुलाला वडिलांनी सहा हजार दिले होते. त्याने केक एक किलोवरून अर्ध्यावर आणला, कारण उरलेल्या पैशांत टर्फचा दुसरा तास बसत होता. पिझ्झा रद्द करून पावभाजी घेतली, तीही घराजवळच्या काकूंकडून. डेकोरेशनसमोर मोठं शून्य. हिशेबाच्या वहीत एक ओळ मला समजली नाही, 'रिक्षा ४००'. विचारलं तर म्हणाला, त्याचा एक मित्र धायरीच्या पुढे राहतो, त्याच्या घरी गाडी नाही, आई-बाबा दोघंही रात्रीपर्यंत कामावर असतात, म्हणून तो कोणाच्याच पार्टीला येत नाही. याने स्वतः रिक्षाने जाऊन त्याला आणलं आणि वडिलांना बरोबर घेऊन रात्री सोडून आला. शेवटी एकशे चाळीस रुपये उरले. ते वडिलांना परत द्यायचे का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, बजेट तुझं आहे. त्याचे त्याने दोन टेनिस बॉल घेतले.